जॉबकार्डात न मावणारा आवाज

आवाज एवढासाच होता. टक्. गतिरोधकावरून गाडी हळू उतरताना, तेही जरा तिरकी उतरली तरच, समोर डावीकडे कुठेतरी. बाटलीचं झाकण नखाने उडवावं तसा. नवऱ्याला तो ऐकूच येईना. दोनदा माझ्या शेजारी बसून, कपाळाला आठ्या घालून त्याने कान दिला आणि शेवटी म्हणाला, "तू शोधतेस म्हणून येतो." लग्नाला बरीच वर्षं झाली की अशा वाक्यांना उत्तर द्यायचं नसतं. मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची वेळ घेतली. गाडी अजून वॉरंटीत होती, त्यामुळे दुसरीकडे कुठे न्यायचा प्रश्नच डोक्यात आला नव्हता.

तिथे सगळं छान असतं. सोफा, थंडगार हवा, काचेपलीकडे लिफ्टवर चढलेल्या गाड्या. ॲडव्हायझरने गाडीभोवती फेरी मारून ओरखड्यांचे फोटो काढले आणि हातातल्या टॅबवर तक्रार भरायला घेतली. सांगत होते मी, बघत होता तो नवऱ्याकडे. "सर, आवाज पुढून येतो की मागून?" सरांना मुळात आवाजच येत नव्हता. मग माझ्याकडे वळून त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं: हळू असताना, तिरकी उतरताना, एकच चाक आधी खाली गेलं तर. तो मान डोलवत होता आणि बोट टॅबवर पर्याय शोधत होतं. आवाजासाठी तिथे खाने ठरलेले होते: पुढून, मागून, इंजिनातून, ब्रेकमधून. तिरकं उतरण्याचा खाना नव्हता. जॉबकार्डावर उमटलं ते एवढंच: "पुढून आवाज, तपासणे."

संध्याकाळी गाडी धुऊनपुसून लख्ख होऊन आली. आतून लिंबाचा वास. जॉबकार्डावर आवाजापुढे लिहिलं होतं, "आढळला नाही." त्याखाली मात्र सात गोष्टी आढळल्या होत्या. ब्रेक फ्लुइड बदलणे, थ्रॉटल बॉडी साफ करणे, इंजेक्टर साफ करणे, इंजिन फ्लश, एसीचं निर्जंतुकीकरण, गाडीच्या पोटाला कोटिंग आणि केबिन फिल्टर. "रेकमेंडेड आहे मॅडम." मी म्हटलं, विचार करून सांगते. गेटबाहेर पडताना गटाराच्या झाकणाची कड चुकवायला गाडी जराशी वळवली.

टक्.

ज्या काकांकडे मग गेले त्यांच्याबद्दल एका मैत्रिणीकडून ऐकलं होतं. तिची शिफारस ऐकून मी बिचकलेच होते. ती म्हणाली होती, "बोलायला जरा खवट आहेत. आणि अर्ध्या वेळा गाडी परत पाठवतात." गाडी परत पाठवणारा मेकॅनिक ही काय शिफारस झाली, असं मला तेव्हा वाटलं होतं.

काकांनी गाडीचं बॉनेट उघडलंच नाही. हात पुसत शेजारच्या सीटवर येऊन बसले. "चला, दाखवा कुठे वाजतो ते." मी किल्ली फिरवली. "पंखा बंद करा ताई. गाणी पण. काच खाली घ्या. आणि आता बोलू नका." दोघंही गप्प, मी पहिल्या गियरमध्ये. गतिरोधक आला. ते म्हणाले, "सरळ घ्या." काही नाही. "आता मागे घेऊन तिरकी घ्या." टक्. त्यांनी डोळे मिटले होते. "पुन्हा. आता उतरताना ब्रेकवर हलका पाय ठेवा." टक्. "आता ब्रेकशिवाय." टक्. "म्हणजे ब्रेकचा नाही." एवढं बोलून पुन्हा गप्प. त्या पाच-सात मिनिटांत माझ्या म्हणण्यातला शब्द न् शब्द तपासला जात होता आणि एकाही शब्दावर शंका घेतली जात नव्हती. हे माझ्या आयुष्यात फार वेळा घडलेलं नाही, फक्त गाडीच्या बाबतीतच असंही नाही.

परत आल्यावर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून त्यांनी मला चाकाशेजारी उकिडवं बसायला लावलं. चाकामागे, शॉक ॲब्सॉर्बरच्या बाजूला, पेन्सिलीएवढी जाड नि वीतभर लांब एक उभी दांडी असते. तिच्या दोन्ही टोकांना सुपारीएवढे गोळे, रबराची टोपी घातलेले. "हिला हात लावून ठेवा. पंजा पूर्ण." मग त्यांच्या पोऱ्याने बोनेटचा डावा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला, दाबून सोडला. गाडी झुलली आणि माझ्या तळहातात काहीतरी ठेच लागल्यासारखं ठणकलं. टक्. कानाने महिनाभर शोधत होते ते हाताला सापडलं. खालच्या गोळ्याची रबराची टोपी फाटली होती, आतलं ग्रीस वाळूसारखं झालं होतं.

ती स्टॅबिलायझर लिंक. पुढच्या दोन चाकांमध्ये एक आडवा वाकडा बार असतो, गाडी वळणावर फार कलू नये म्हणून. तो बार दोन्ही चाकांच्या सस्पेन्शनला या लिंकांनी जोडलेला. दोन्ही चाकं एकदम वर किंवा एकदम खाली गेली तर बार नुसता सोबत फिरतो, लिंकवर ओढ येतच नाही. एक चाक वर आणि एक खाली गेलं की बार पिळतो, आणि ढिल्या गोळ्यातला तेवढाच मोकळेपणा वाजतो. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर कुणी शंभर किलोमीटर गाडी फिरवली असती तरी आवाज आला नसता. सर्व्हिस सेंटरने मला खोटं सांगितलेलंच नव्हतं. त्यांना तो खरंच आढळला नव्हता.

मी म्हटलं, "बदला मग काका. किती वेळ लागेल?" ते म्हणाले, "वॉरंटीत आहे ना गाडी? मग मी हात लावत नाही." फिल्टरचा रिकामा खोका फाडून त्याच्या आतल्या बाजूवर त्यांनी पेनने लिहून दिलं: डावी स्टॅबिलायझर लिंक, खालचा जॉइंट ढिला. एक चाक वर, एक खाली असताना वाजते. उजवीही पाहून घेणे. मी पैसे विचारले तर म्हणाले, "काम कुठे केलं?"

तो पुठ्ठा बरेच दिवस डॅशबोर्डवर पडून होता, आणि मी त्याच्याकडे बघत विचार करत होते की ऐकणं हे काम नाही, असं दोन्हीकडे का मानतात?

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्याचं कारण हिशोबात आहे. काही देशांतल्या बऱ्याच डीलरशिपमध्ये कारागिराची कमाई ठरलेल्या तासांवर चालते. समजा पुस्तकात एखादा पंप बदलायला २.५ तास लिहिलेत. हात चालाख असेल तर तो दीड तासात उरकेल, पैसे २.५ तासांचेच. बोल्ट गंजून बसला आणि चार तास गेले, तरी २.५ तासांचेच. वॉरंटीतल्या कामाचे तास तर कंपनी स्वतः ठरवते आणि ते सहसा हात आखडूनच. अशा ठिकाणी डोळे मिटून पाच मिनिटं गाडीत बसणाऱ्याच्या खिशातून ती पाच मिनिटं जातात. बदलण्याचे तास असतात, शोधण्याचे फारसे नसतात. त्यात मालकीण आणि कारागीर यांच्यामध्ये टॅब घेतलेला एक माणूस उभा. माझं वाक्य त्याच्या बोटांतून गाळून, आखडून काचेपलीकडे पोचतं. आत लिफ्टखाली उभा असलेला माणूस कदाचित काकांइतकाच तयारीचा असेल. त्याला मी दिसत नाही, त्याच्याशी मी बोलत नाही. आणि ॲडव्हायझरचा महिना मात्र त्या सात सूचनांपैकी किती विकल्या यावर पुष्कळदा अवलंबून असतो.

त्या सात सूचनांची यादीही मी काकांना दाखवली होती, हे सांगायचं राहिलं. मला वाटलं होतं ते हसून कागद परत देतील. त्यांनी चष्मा सारखा केला आणि एकेक ओळ वाचली. थ्रॉटल बॉडी: "इंजिन आयडलिंगला थरथरतं का? नाही ना. मग कशाला?" इंजिन फ्लश, इंजेक्टर, पोटाचं कोटिंग, एसी, सगळ्यावर काट. केबिन फिल्टर: "तो ग्लोव्ह बॉक्समागे असतो, तुम्ही स्वतः बदला, स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही." ब्रेक फ्लुइडवर थांबले. "हे बरोबर सांगितलंय त्यांनी. दोन वर्षं झाली असतील तर बदलाच." ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं. 'डॉट ४' प्रतीचं नवं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असं मानक सांगतं, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. लांबच्या घाटउतारावर ब्रेक तापून त्यात वाफ झाली तर पाय पेडलसकट तळाला जातो, आणि वाफ काही पायाचा दाब चाकापर्यंत पोचवत नाही. सात ओळींत ही एक ओळ खरी होती आणि ती बाकीच्या सहांच्या रांगेत, त्याच अक्षरात, त्याच स्वरात उभी होती. माझा राग यावर आहे. सहा खोट्या सांगितल्या म्हणून नव्हे, सातवी खरी ओळखता येऊ नये अशी ठेवली म्हणून.

आता कुणाला वाटेल, ही गॅरेजवाल्यांची आरती चालली आहे. तर माझ्या आधीच्या गाडीची गोष्ट ऐका. तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. त्या वेळी माझा एक मेकॅनिक होता, हे काका नव्हेत. त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला हातातला स्कॅनर लावला आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला: "ऑक्सिजन सेन्सर गेला." सेन्सर बदलला, दिवा विझला, मी खूश. दोन आठवड्यांनी दिवा पुन्हा लागला. मग म्हणाला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर कमी घातक करणारा डबा. तो महाग असतो, म्हणून सुदैवाने मी थांबले. शेवटी निघालं ते एक्झॉस्टच्या जोडातलं गळकं गॅस्केट. फटीतून बाहेरची हवा आत शिरत होती आणि सेन्सर इमानेइतबारे जादा ऑक्सिजन दिसतोय असं कळवत होता. नवा सेन्सरही तेच कळवत राहिला.

तो सॉकेट म्हणजे ओबीडी, गाडीने स्वतःच स्वतःला तपासायची व्यवस्था. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या मोटारींना त्याची दुसरी आवृत्ती सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, आणि आता तो जगभर दिसतो. त्यातून पाच खुणांचा कोड येतो. पहिलं अक्षर 'पी' असेल तर तक्रार इंजिन-गियरबॉक्सची, 'बी' बॉडीची, 'सी' चॅसीची, 'यू' गाडीतल्या संगणकांच्या आपसातल्या बोलण्याची. दुसऱ्या जागी ० असेल तर अर्थ सगळ्या कंपन्यांना सारखाच, १ असेल तर कंपनीने ठरवलेला. माझ्या गाडीचा कोड होता पी-०४२०, म्हणजे 'कन्व्हर्टरचं काम अपेक्षेपेक्षा कमी दिसतंय'. 'दिसतंय' हा शब्द महत्त्वाचा. कन्व्हर्टर खराब आहे असं तो म्हणत नाही. आणि कोड पुसला की दिवा विझतो, कारण गाडी आपल्या सगळ्या चाचण्या पहिल्यापासून घ्यायला बसते. त्या पुऱ्या व्हायला कधी कधी बरेच दिवस गाडी चालवावी लागते. माझा दोन आठवड्यांचा आनंद एवढाच होता. स्कॅनर स्वस्त झाले तसे 'कोड वाचला की रोग कळला' असं मानणारेही वाढले, आणि हे लोक काचेच्या आतही आहेत, बाहेरही.

काही कामं मात्र बाहेर न्यायचीच नाहीत. पहिलं म्हणजे रिकॉल, कंपनीने दोष सापडलेल्या गाड्या परत बोलावणं. टकाटा कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवत असेल. आतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या ओलाव्याने आणि उष्णतेने बिघडायचं, मग एअरबॅग फुगताना तिचा धातूचा डबाच फुटून तुकडे माणसाच्या अंगावर यायचे. जगभरातल्या अनेक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये टकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. तो भाग डीलरकडे फुकट बदलून मिळत होता, तरीही कित्येक गाड्या वर्षानुवर्षं गेल्याच नाहीत. जुनी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेली, कंपनीचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. गाडीचा १७ खुणांचा चॅसी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. (त्या १७ खुणांत आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, १ आणि ० शी घोळ होऊ नये म्हणून. मला हे कळल्यापासून मी येताजाता नंबर वाचत असते.) समोरची काच बदलल्यावर तिच्यामागचा कॅमेरा पुन्हा जुळवणं, किल्लीची चिप, गाडीतल्या संगणकाचं सॉफ्टवेअर, हायब्रिड गाडीतल्या उच्च दाबाच्या नारिंगी वायरींच्या आसपासचं काहीही, याला कंपनीचं किंवा त्या कामाचं खास शिक्षण आणि उपकरण असलेलाच माणूस हवा. शिवाय कंपनी आपल्या वर्कशॉपना वेळोवेळी कळवत असते की अमुक मॉडेलमध्ये अमुक तक्रार येते, उपाय असा. ग्राहकाला ते आपणहून कुणी सांगत नाही. "या तक्रारीवर काही सर्व्हिस बुलेटिन आलंय का?" एवढं विचारलं की ॲडव्हायझर जरा सरसावून बसतो.

आणि वॉरंटी. बाहेर ऑइल बदललं की वॉरंटी गेली, हे वाक्य इतक्या ठामपणे सांगतात की आपण ते पुस्तिकेत उघडून बघतही नाही. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने कंपनीला अशी अट घालायला मनाई केली: अमुकच ब्रँडचा सुटा भाग किंवा अमुकच ठिकाणची सर्व्हिस वापरली तरच वॉरंटी, असं म्हणता येत नाही, तो भाग किंवा ती सर्व्हिस कंपनी फुकट देणार असेल तर गोष्ट वेगळी. युरोपीय संघाने २००२ च्या नियमांत स्वतंत्र गॅरेजांना तांत्रिक माहिती मिळायची वाट मोकळी केली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून दुरुस्तीच्या माहितीचा हक्क मिळवला आणि २०२० मध्ये पुन्हा मत दिलं, कारण तोवर गाडीची माहिती सॉकेटऐवजी हवेतून थेट कंपनीकडे जायला लागली होती. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. आपला आपण बघावा. पण बाहेर सर्व्हिस केली तर बिलावर तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड लिहून घ्यावा हे कुठेही लागू. कच्च्या चिठ्ठीवर भांडता येत नाही. काकांकडे बिलबुक आहे, पण ते मागावं लागतं, आणि मागितलं की जरा नाक मुरडतात. हा त्यांचा दोष मी पोटात घातलेला नाही.

आता मी कुठेही गेले तरी एकच गोष्ट बघते: समोरचा माणूस आकडा सांगतो का. "ब्रेक पॅड संपत आलेत" हे वाक्य मी ऐकून सोडून देते. "नवा असताना दहा-बारा मिलिमीटर असतो, तुमचा पाच उरलाय, तिनाला बदलू" असं म्हणणाऱ्यापाशी थांबते. डिस्कच्या कडेवर तिची किमान जाडी बहुतेक वेळा कोरलेलीच असते. ती वाचून दाखवणारा माणूस मला फसवणार असेल तर त्याला बरीच मेहनत पडेल. आणि जुना भाग परत मागते. दोन्हीकडे. घरी नेऊन करायचं काही नसतं, घरात एका डब्यात चार स्पार्क प्लग आणि एक झिजका पॅड पडून आहे, नवरा त्याला माझं संग्रहालय म्हणतो.

तर तो पुठ्ठा घेऊन शेवटी सर्व्हिस सेंटरला गेले. या वेळी एकटीच. ॲडव्हायझर तोच. मी म्हटलं, टॅब नंतर, आधी हे वाचा. त्याने वाचलं, पुठ्ठा उलटा करून फिल्टरचा ब्रँड पाहिला, पुन्हा सुलटा केला. मला वाटलं आता सुनावणार, बाहेर का दाखवलीत म्हणून. तो उठला आणि काचेचं दार ढकलून आत गेला. परतला तेव्हा सोबत निळ्या डांगरीतला एक मुलगा होता, कोपरापर्यंत काळा. तीन वर्षांत माझ्या गाडीखाली झोपलेल्या माणसाला मी पहिल्यांदा पाहत होते.

"कुठल्या बाजूला वळताना मॅडम?"

"वळताना नाही. तिरकी उतरताना. डावं चाक आधी."

त्याने पुठ्ठा डांगरीच्या खिशात घातला, गाडीत बसला, आणि मी न सांगता पंखा बंद केला. रॅम्पच्या कडेवरून डावं चाक त्याने अगदी सावकाश खाली सोडलं. टक्. त्याने काचेतून डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं.

"हाच ना?"

"हाच."

"थांबा, परत एकदा घेतो," म्हणाला आणि गाडी मागे घ्यायला लागला.